वेखंड : बियाण्याचा राखणदार, बाळाला मात्र जपून



वेखंडाचा तुकडा ज्या घरात नाही असे घर खेड्यात विरळाच. बाळाला न्हाऊ घातले की टाळूला वेखंडाची पूड, पोट फुगले की बेंबीभोवती लेप, ट्रंकेत कपड्यांना कसर लागू नये म्हणून एक तुकडा, आणि गुटीत सहाणेवर दोन वेढे. ही आपली जुनी रीत.

परवा एका गावी सभेनंतर एक आजी म्हणाल्या, “साहेब, नातवाला गुटीत वेखंड दिलं की सून रागावते. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?”

आजींचा अनुभव मोठा, पण या बाबतीत सुनेचे ऐकावे. वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते आणि आपल्याकडच्या वेखंडात ते बरेच असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने आतड्यात गाठी झाल्याचे आढळले. म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. शिवाय मात्रा जास्त झाली की उलट्या होतात, आणि सहाणेवरच्या वेढ्याचे माप प्रत्येक हाताचे वेगळे. तेव्हा तान्ह्याला पोटात वेखंड नको. पूड लावताना ती नाकातोंडात जाऊ देऊ नका. धुरीही बाळाच्या खोलीत कोंडू नका. पोट दुखून मूल रडत राहिले तर दवाखाना गाठा.

मग वेखंड टाकून द्यायचे का? मुळीच नाही. हेच द्रव्य किडीचा वंश वाढू देत नाही. पेरणीसाठी ठेवलेल्या हरभरा, मूग, तुरीच्या कडक वाळवलेल्या बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम बारीक पूड चोळा व डबा घट्ट बंद करा. भुंगा दूर राहतो. मात्र हे बियाणे खाण्यात जाऊ नये म्हणून डब्यावर खूण करा.

लागवडही सोपी आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे भागात शेतकरी भातासारखे खाचरात वेखंडाचे पीक घेतात. आपल्याला घरापुरते मोरीच्या सांडपाण्याजवळ किंवा पाटाच्या पाणथळ कडेला चार हात जागा पुरे. पावसाळ्याच्या तोंडी कोंब असलेले कंदाचे तुकडे चिखलात फूटभर अंतराने लावा व ओल तुटू देऊ नका. सुमारे वर्षाने पाने पिवळी पडली की कंद खणा, धुवा, तुकडे करून वाळवा. चार कोंब पुन्हा तिथेच लावायला विसरू नका.

आजींची सहाण घरात राहू द्या. वेखंड तेवढे गुटीतून काढून बियाण्याच्या डब्यात घाला.