रंग बदलला, पण कशामुळे?

निळ्या लिटमस कागदावर लिंबाचा रस पडला की तो तांबडा होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. असाच रंग बदलून रोगजंतूचा डीएनए ओळखता आला तर? तो ओळखता येतो, आणि त्यासाठी वापरतात चक्क सोने!

दागिन्यातले सोने पिवळे खरे; पण त्याचे सुमारे १३ नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात विखुरले, की पाणी माणकासारखे लाल दिसते. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) या कणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि त्यातला हिरवा भाग शोषून घेतात, उरतो तो तांबडा. कण एकमेकांच्या अगदी जवळ आले, की शोषण तांबड्या बाजूकडे सरकते आणि पाणी जांभळे-निळे दिसू लागते.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिरकिन, रॉबर्ट लेट्सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सोन्याचे कण डीएनएने जोडून दाखवले. डीएनएच्या अक्षरांत 'ए'ची जोडी 'टी'शी आणि 'जी'ची 'सी'शीच जमते. काही कणांवर डीएनएचा एक तुकडा गंधकाच्या साहाय्याने चिकटवायचा, काहींवर दुसरा. शोधायचा डीएनए या दोन्ही तुकड्यांना पूरक असला, तर तो पुलासारखा त्यांना जोडतो. कण जवळ येतात, लाल रंग जातो. यंत्र नको, नुसते डोळे पुरेत!

हे वाचून आपण टाळ्या वाजवतो. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. मायकेल फॅरडेने १८५७ मध्येच सोन्याच्या अशा लाल द्रवाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात साधे मीठ टाकले तरी तो निळसर होतो, हे त्याने पाहिले होते. तेथे ना डीएनए होता, ना रोगजंतू! म्हणजे रंग एवढेच सांगतो, की कण जवळ आले. ते का आले, हे तो सांगत नाही. ते विचारणे आपले काम.

म्हणून शास्त्रज्ञ शेजारी दुसरी नळी ठेवतात. तिच्यात बाकी सारे तेच, फक्त शोधायचा डीएनए नाही. ती लाल राहिली, तरच पहिलीच्या साक्षीला किंमत. शिवाय पहिली नळी सावकाश तापवतात. डीएनएचे पूल ठराविक तापमानाला सुटतात आणि लाल रंग परत येतो. एखादे अक्षर जरी चुकलेले असले, तरी पूल थोड्या कमी तापमानालाच सुटतो. मिठाने गोळा झालेले कण मात्र असे सुटत नाहीत.

प्रयोगाच्या तासाला "सर, रंग बदलला!" असे म्हणून मुले लगेच निष्कर्ष लिहू लागतात. वहीत चूक झाली तर एक गुण जातो. रोगाच्या चाचणीत झाली, तर निरोगी माणसाला औषधे घ्यावी लागतात, नाही तर आजारी माणूस निर्धास्त घरी जातो. साधी चाचणी खेड्यापाड्यांत पोचावी, असे मलाही वाटते. पण जेथे यंत्र नाही, तेथे तपासून पाहण्याची सवय अधिक हवी.

तेव्हा पुढच्या वेळी परीक्षानळीत रंग बदलला, की लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा : दुसऱ्या कशाने हाच रंग आला असता का? त्याचे उत्तर देणारी दुसरी नळी तुमच्या शेजारी आहे ना?