‘एवढंसं तर लागलंय!’

विळीवर बोट कापलं की पुढचा क्रम आपल्या घरांत ठरलेला असतो. बोट नळाखाली धरायचं, चिमूटभर हळद दाबायची, जुन्या सुती कापडाची चिंधी गुंडाळायची आणि उरलेली भाजी चिरायला घ्यायची. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘काही नाही, एवढंसं तर लागलंय!’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. साधं खरचटणं स्वच्छ पाण्यानं धुऊन झाकून ठेवलं की भरून येतं. प्रत्येक ओरखड्यासाठी दवाखाना गाठावा, असं कुणीच म्हणणार नाही.

अडचण वेगळीच आहे. या रोजच्या अनुभवातून आपण दोन नियम मनाशी पक्के करतो. जखम लहान तर धोका लहान आणि दुखत नसेल तर काही झालेलं नाही. हे दोन्ही नियम ऐनवेळी दगा देतात. म्हणून ‘किती लागलं’ यापेक्षा तीन वेगळे प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न, कशानं लागलं? पायात खिळा घुसला तर वर दिसतं फक्त एक बारीक भोक. रक्तही फारसं येत नाही. पण धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि जिथे हवा पोहोचत नाही अशा खोल जागीच ते वाढतात. दोष गंजाचा नसतो, खिळ्याबरोबर आत गेलेल्या घाणीचा असतो. लक्षणं दिसायला साधारण ३ ते २१ दिवस लागतात. तोवर खिळा विसरलेलाही असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटी कधी घेतलं हे आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.

कुत्र्याच्या किंवा मांजरीच्या नखाचा ओरखडाही असाच फसवा. रक्त आलं नाही तरी त्याची गणना रेबीजच्या धोक्यात होते. अशी जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. तिखट, चुना, हळद यांपैकी काहीही लावायचं नाही आणि लगेच लस घ्यायची. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. पुढचे डोसही ठरल्या तारखेलाच घ्यायचे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

दुसरा प्रश्न, कुणाला लागलं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो आणि पत्ता लागतो तो संध्याकाळी मोज्यावरचा डाग दिसल्यावर. ‘दुखत तर नाही’ हा इतरांचा दिलासा, पण अशा माणसासाठी तीच धोक्याची खूण. वेळेवर न दाखवलेल्या अशाच जखमांपायी कित्येकांचं बोट, कधी पाऊलही कापावं लागतं.

न्हाणीघरात पाय घसरून आजोबांच्या डोक्याला टेंगूळ येतं. दोन दिवसांत ते बसतंही. मात्र उतारवयात, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठत राहू शकतं. काही आठवड्यांनी डोकं दुखू लागतं, तोल जातो, बोलण्यात घोळ होतो. घरचे म्हणतात, वय झालं. वास्तविक वेळीच कळलं तर हे दुखणं बहुधा शस्त्रक्रियेनं बरं होण्यासारखं असतं.

तिसरा प्रश्न, जखम कुठे चालली आहे? बरी होणारी जखम रोज थोडी कमी दुखते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरत असेल, सूज किंवा ठणका वाढत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर ती आता ‘एवढीशी’ राहिलेली नाही.

एवढं माहीत असूनही माणसं दवाखान्यात का जात नाहीत? त्यांना निष्काळजी म्हणणं सोपं आहे. ऊसतोडणीवरच्या बाईला कोयता लागला तर दवाखाना म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे हिशेबातून पैसे वजा. ती चिंधी बांधून पुन्हा फडात उतरते, कारण तिच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेलाच नसतो. बरी परिस्थिती असलेल्या घरांत पैशांची नड नसली तरी सोसण्याचं कौतुक असतं. मुलाचं ढोपर फुटलं की रात्री दहालाही डॉक्टर शोधणारी आई स्वतःच्या भाजलेल्या हाताला आठवडाभर कुणाला दाखवत नाही. ‘किती सोसते!’ असं आपण अभिमानानं सांगतो. हे कौतुक आता थांबवायला हवं, असं मला वाटतं.

ज्याला लागलं आहे तो आपल्या जखमेचा न्याय नीट करू शकत नाही. त्याच्या डोक्यात उरलेलं काम असतं, बुडणारी मजुरी असते, घरच्यांना त्रास नको ही भीड असते. म्हणून हे तीन प्रश्न शेजारच्या माणसानं विचारायचे असतात. घरात नवऱ्यानं आणि मुलांनी, कामावर मुकादमानं आणि मालकानं. ज्याच्या कामावर लागलं त्यानं उपचाराची सोय करावी आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये, ही मेहेरबानी नव्हे, साधी जबाबदारी आहे.

पुढच्या वेळी घरात कुणी हात पदराआड लपवत ‘काही नाही’ म्हणेल, तेव्हा तेवढ्यावर गप्प बसू नका. ‘दाखव बघू’ म्हणा आणि दिवा लावून नीट बघा.