घाटकोपर ते चिपी : विमान जवळपास दीड तासाचं, प्रवास साडेपाच तासांचा

घाटकोपर : गावाकडून आजारपणाचा फोन आला की चाकरमानी आधी मोबाईलवर विमान बघतो. मुंबई ते चिपी सरळ रेषेत अंतर साधारण 350 किलोमीटर. ताशी 500 च्या वेगाने पाऊण तासात पोचायला हवं. पण 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा वेळापत्रकात 1 तास 25 मिनिटं धरली होती. मुंबईत धावपट्टीसाठी थांबणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, हे सगळं त्यात येतं.

खरा हिशोब घराच्या दारापासून मांडावा लागतो. घाटकोपरहून विमानतळ जवळ, तरी ट्रॅफिकचा पाऊण तास. दोन तास आधी हजर राहायचं. मग विमानाचे जवळपास दीड तास, सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, पुढे कुडाळ गाठायला पाऊण तास. बेरीज साडेपाच तास.

आता दुसरी बाजू. 27 जून 2023 ला मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. ती ठाण्याला थांबते. तिथून कणकवली सव्वापाच तासांच्या आसपास, पावसाळी वेळापत्रकात जास्त. घाटकोपर-ठाणे लोकलची पंचवीस मिनिटं धरली तरी सहा तासांत कणकवली. म्हणजे वेळेत फार मोठा फरक नाही.

मग विमान कशाला हवं? कारण अडीनडीला रेल्वेचं तिकीट मिळत नाही. गणपतीत आणि मे महिन्यात तर वेटिंगच. अशा वेळी आणखी एक वाट उघडी असणं, हीच विमानाची खरी किंमत. पण त्यासाठी ते रोज आणि वेळेवर उडायला हवं.

गाडं इथेच अडलं. मुंबई-चिपी सेवा केंद्राच्या उडान योजनेत होती. त्यात ठरावीक सीटचं भाडं मर्यादित ठेवतात आणि कंपनीची तूट सरकार भरून देतं, पण तीनच वर्षं. ऑक्टोबर 2024 मध्ये मुदत संपली आणि ही फेरी थांबली.

त्याआधीच, 5 जानेवारी 2023 पासून गोव्याच्या मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली होती. चिपीहून मोपा सरळ रेषेत जेमतेम 45 किलोमीटर. तिथे मोठी विमानं उतरतात आणि पर्यटकांमुळे ती भरतातही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपाच सोयीचं. मालवण, वेंगुर्ला, कुडाळकरांना मात्र चिपी जवळ.

त्यामुळे पुढाऱ्यांना नुसतं विमान कधी सुरू करणार, एवढंच विचारून भागणार नाही. तीन वर्षांनंतर तूट कोण भरणार, फेरी रोज असणार का आणि उतरल्यावर कुडाळ-मालवणला जाणारी एसटी उभी असणार का, हेही विचारायला हवं. विमान वेळेत उतरलं आणि पुढे रिक्षासाठी तासभर थांबावं लागलं, तर वाचवलेला वेळ तिथेच संपतो.