फी कार्डाने भरा, पण कार्ड आपल्याच हाती ठेवा

आपल्या मॉरिशसच्या मराठी घरांतून मुले-मुली कॅनडा, इंग्लंड येथे शिकायला जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अर्जाची सरकारी फी आता बहुधा संगणकावरूनच कार्डाने भरावी लागते, आणि फी भरल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. ज्या घरी क्रेडिट कार्ड नाही, तेथे एजंटाचे फावते.

वाचकहो, वर्गात जो हिशेब आम्ही शिक्षक मंडळी शिकवतो, तोच येथे करावा. २०२५ साली कॅनडाच्या शिक्षण-परवान्याची फी १५० डॉलर व बोटांचे ठसे आणि फोटो यांचे ८५, म्हणजे एकूण २३५ कॅनेडियन डॉलर होती. फॉर्म सरकार फुकट देते. एजंट याहून अधिक मागत असेल, तर ती त्याची मजुरी झाली. ती द्यावी की नाही हे घरच्यांनी ठरवावे. पण सरकारची फी व एजंटाची मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी.

इंग्लंडचा हिशेब मोठा आहे. व्हिसाच्या फीशिवाय विद्यार्थ्याला आरोग्यसेवेचे वर्षाला ७७६ पौंड, हा फेब्रुवारी २०२४ पासूनचा दर, सर्व वर्षांचे एकदम भरावे लागतात. तीन वर्षांचे २,३२८ पौंड झाले! आपल्या कार्डाची मर्यादा तेवढी आहे काय, हे बँकेत आधी विचारावे. व्हिसा नाकारला तर ही रक्कम परत मिळते, अर्जाची फी मात्र गेली ती गेली.

ज्या काका-मामांकडे कार्ड आहे, त्यांनी भाच्या-पुतण्यांच्या शेजारी बसून सरकारी साइटवर स्वतः फी भरावी व पावती जपून ठेवावी. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे परक्याला मुळीच देऊ नयेत. घरच्यांनीही बँकेची मुदत संपण्यापूर्वी पैसे परत करावेत, कारण कार्ड म्हणजे उधारीच. व्याज काकांच्या माथी का? आपल्या मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी, असे आम्हांस वाटते.

आपले पूर्वज कोकणातून करारावर येथे आले. त्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते. आपल्या मुलांना वाचता येते. तेव्हा आधी वाचावे, मगच पैसे भरावेत.