पायाळू लेकराचा खुबा

पायाळू माणसाला मराठवाड्यात मान आहे. विहिरीची जागा ठरवायची तर तळहातावर नारळ ठेवून त्याला रानातून फिरवतात. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला बोलावून कमरेला पाय लावून घेतात. आभाळात वीज कडाडायला लागली की त्याला घरात बसवतात. नांदेड जिल्ह्यात भोकर, मुदखेड, हिमायतनगरच्या शिवारात बोअर घेण्याआधी पायाळू शोधणारे शेतकरी अजून आहेत. पाण्याचं खरंखोटं भूजलवाल्यांनी बघावं. आमचं म्हणणं वेगळं आहे. लेकरू पायाकडून जन्मलं ही गोष्ट घर-गाव जन्मभर लक्षात ठेवतं. फक्त ज्या दीड महिन्यात तिचा खरा उपयोग आहे, त्या दीड महिन्यात ती कुणी डॉक्टरला सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही.

पोटात शेवटच्या महिन्यांत जे लेकरू डोकं वर आणि ढुंगण खाली करून बसतं, म्हणजे जे पायाळू असतं, त्याच्या खुब्याची वाटी उथळ राहण्याचा, मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीतून सरकण्याचा धोका इतर लेकरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यातून मुलगी असेल तर आणखी जास्त. हा दोष मुलींमध्ये मुलांच्या चौपट-पाचपट आढळतो. पहिलटकरणीचं लेकरू, किंवा घरात आधी कुणाला हाच त्रास असणं, ही आणखी दोन कारणं. खुबा पुरता निखळलेली लेकरं हजारी एक-दोन असतात, डावा खुबा जास्त वेळा. भोकरसारख्या तालुक्यात वर्षाकाठी किती लेकरं जन्मतात याचा नुसता अंदाज केला तरी ही गोष्ट दूरदेशीची नाही हे कळतं.

या दुखण्याचा कावा असा की ते दुखतच नाही. लेकरू दूध पितं, हसतं, पालथं पडतं, रांगतंही. आई लंगोट बांधताना एक मांडी दुसरीइतकी उघडत नाही, एवढाच काय तो इशारा. तो बाईच्या हाताला लागतो, पण त्यावर बोलायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग सव्वा-दीड वर्षाची झाल्यावर पोर उभी राहते आणि एका अंगाला झुकत चालते. आजी म्हणते, ‘नवं नवं चालायलीय, होईल नीट.’ शेजारीण म्हणते, ‘पाय मुरगळला असंल, चोळून घ्या.’ चोळून होतं, नवस बोलून होतो, आणि लेकरू दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर नांदेडला एक्स-रे निघतो. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर त्याहून उशीर, कारण दोन्ही बाजूंना सारखंच झुकणारं लेकरू लंगडतं असं वाटतच नाही. ते फेंगडं चालतं, आणि फेंगड्या चालीला आपल्याकडं कौतुकाचं हसू असतं.

आता वेळेचा हिशेब मांडू. पहिल्या सहा महिन्यांत हे कळलं तर उपाय कापडी पट्ट्यांचा आहे. पाव्हलिक नावाच्या एका चेक डॉक्टरच्या नावानं ते पट्टे ओळखले जातात. खांद्यावरून आणि छातीभोवती पट्टा, तिथून पावलांपर्यंत दोन दोऱ्या. गुडघे वर, मांड्या फाकलेल्या. लेकरू त्यात पाय हलवू शकतं, आईला जवळ घेऊन पाजता येतं. काही आठवडे हे रात्रंदिवस अंगावर राहिलं आणि मधूनमधून तपासणी झाली, तर बहुतेक लेकरांचा गोळा वाटीत बसतो आणि वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. सहा महिने उलटले की पट्टे फारसे चालत नाहीत. भूल देऊन खुबा बसवायचा आणि प्लास्टर घालायचं. दीड वर्षानंतर सहसा चिरफाड आलीच. आत साठलेला मांसल भाग काढा, गोळा बसवा, वाटीच्या वरचं कमरेचं हाड कापून छपरासारखं पुढं ओढा, कधी मांडीचं हाडही आखूड करा. आणि सात-आठ वर्षं उलटून गेली असतील तर जाणते सर्जनही हात लावायला कचरतात. मग तिशी-चाळिशीत खुबा झिजतो आणि कृत्रिम सांध्याची वेळ येते. एकाच दोषाचे हे सगळे भाव. वाढत गेले ते केवळ तारखेमुळं.

शस्त्रक्रियेनंतरचं ते प्लास्टर ज्यांनी घरात पाहिलं नाही त्यांनी एकदा पाहावं. छातीपासून सुरू होतं ते पावलापर्यंत, दोन पायांच्या मध्ये आडवी काठी, आणि शी-शूसाठी मध्ये कापलेली खिडकी. त्या खिडकीच्या कडांना चिकटपट्टी लावायची, आत घडी घातलेला कपडा खोचायचा, तो तासातासाला बदलायचा, कारण ओलं झालेलं प्लास्टर वाळत नाही आणि आतली कातडी सोलते. बिस्किटाचा चुरा आत गेला की मुंग्या. एप्रिल-मेमध्ये नांदेड जिल्ह्यात उन्हाचा पारा कुठं जातो हे सांगायला नको. खाज सुटली की आई काडी घालून खाजवते आणि डॉक्टर त्यावरून ओरडतात. कुशी दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. तपासणीला नांदेडला जायचं तर हे लेकरू एसटीच्या एका सीटवर मावत नाही. पाय फाकलेले, काठी समोरच्याला लागते. सहा आठवडे ते तीन महिने हे चालतं. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापूस वेचणीत हे दिवस आले तर एका बाईची मजुरी पूर्ण बुडाली. शस्त्रक्रियेचा खर्च योजनेत बसला तरी ही बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेच्या कागदावर येत नाही.

योजना नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही, आणि इथंच आमचा राग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत वाकड्या पावलांच्या शेजारी खुब्याचा हा दोष नावानिशी आहे. शोध लागला तर पुढचा उपचार मोफत, अगदी शस्त्रक्रियेपर्यंत. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत नांदेड होतं. तीच पुढं महात्मा फुल्यांच्या नावानं चालू आहे आणि तिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं हाडांचा विभाग आहे. लातूरला आणखी एक. आणि भोकर काही कुणाच्या नकाशावर नसलेलं गाव नाही. माजी मुख्यमंत्र्यांच्या घराण्याचं नाव या मतदारसंघाला चिकटलेलं आहे.

तरीही लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत हातातून निसटतं, कारण यंत्रणेची नजर डोळ्यांनी दिसणाऱ्या दोषांवर आहे. फाटलेला ओठ प्रसूतिगृहातच दिसतो. पाऊल आत वळलेलं असलं तर पहिल्याच दिवशी आजीसुद्धा ओळखते, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं, अशा लेकरांना पूर्वीपेक्षा लवकर प्लास्टर सुरू होतं. खुबा दिसत नाही. तो हातानं चाचपावा लागतो: मांड्या दुमडून, हळूच उघडून, दोन्ही बाजू सारख्या उघडतात का ते बघत. हे कौशल्य मिनिटाभराचं आहे पण ते शिकवावं लागतं. बाल स्वास्थ्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जूनमध्ये जन्मलेलं लेकरू त्यांच्या हाती नोव्हेंबरात लागलं तर पट्ट्यांचे दिवस सरत आलेले असतात, आणि त्या दिवशी ते मामाच्या गावाला गेलेलं असलं तर सरलेच.

दुसरी गोष्ट सिझरची. पूर्वी सुईण बाहेर येऊन सांगायची, लेकरू पायाळू आहे. आता अशी बाळंतपणं बहुतेक सिझरनं होतात, आणि ते आईच्या जिवासाठी चांगलंच आहे. पण कार्डावर इंग्रजीत एक शब्द लिहिला जातो आणि घरच्यांना कळतं एवढंच की सिझर झालं. लेकरू पोटात कसं बसलं होतं ते कुणी सांगत नाही. धोका तर त्या बसण्यातच आहे; बाहेर काढलं पोटावरून म्हणून तो जात नाही.

घरच्या रिवाजांबद्दलही दोन शब्द. न्हाऊ घालणाऱ्या बाया तेल लावून लेकराचे पाय ओढून सरळ करतात आणि मग दुपट्यात पाय जुळवून घट्ट बांधतात. हेतू चांगला, पण खुब्यासाठी हे वाईट. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास तान्ह्या लेकरांचे पाय सरळ बांधून ठेवू नका अशी देशभर मोहीम झाली, आणि शेकडा एक ते साडेतीन लेकरांत आढळणारा हा दोष हजारी दोनच्या आसपास उतरला. औषध नाही, यंत्र नाही, फक्त बांधायची पद्धत बदलली. दुपटं वरून घट्ट, खालून सैल, एवढंच सांगायचं आहे. आणि आपल्या आयाबायांकडून जगानं घ्यावं असंही काही आहे: मान धरायला लागलेलं लेकरू कडेवर घेणं. कमरेला दोन्हीकडून वेटाळलेल्या त्या मांड्या खुब्याला जशा हव्यात तशाच असतात. लेकराचे पाय लोंबत ठेवणाऱ्या बाळ-पिशव्या शहरात हौसेनं विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मांड्या उघडून बघायची खुब्याची ही तपासणी ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते ओर्तोलानी इटलीतल्या फेरारा गावचे बालरोगतज्ज्ञ. १९३० च्या दशकातली गोष्ट. एका आईनं त्यांना सांगितलं की लेकराला धुताना त्याच्या मांडीत काहीतरी कट्कन वाजतं. डॉक्टरनं ते उडवून लावलं नाही, एवढंच. आमच्या बायांच्या हातालाही ते लागत असणारच. ऐकणारं कोण आहे ते बघायचं.

ऑस्ट्रियात १९९२ पासून प्रत्येक तान्ह्या लेकराच्या खुब्याची सोनोग्राफी होते. भोकरला उद्या तेवढं करा असं कुणी म्हणणार नाही. आपल्याकडं सोनोग्राफी म्हटलं की लोकांना गरोदर बाईच आठवते, आणि तान्ह्याचा खुबा सोनोग्राफीवर नीट वाचणारे हातही मोजकेच. पण सगळ्यांची करायची नसून मोजक्यांची करायची आहे: जी पायाळू आहेत, ज्यांच्या घरात आधी कुणाला झालं आहे, आणि चाचपताना ज्यांची मांडी अडते. वेळ जन्मानंतर साधारण सहाव्या आठवड्याची. आता गंमत बघा, दीड महिन्याचा डोस द्यायला लेकरू त्याच आठवड्यात नर्सबाईंसमोर येतं. आशाताईंची घरभेटही नेमकी बेचाळिसाव्या दिवशी असते. पुढं अडीच महिने, साडेतीन महिने, पुन्हा डोस. लेकरू स्वतःच्या पायानं नसलं तरी आईच्या कडेवरून यंत्रणेच्या दारात चार महिन्यांत तीनदा येतं, मांडीवर सुई घेतं आणि परत जातं. जिथं सुई टोचली त्याच मांडीला उघडून बघायचं राहून जातं.

तेव्हा मागणी लहान आहे. तालुक्यातल्या सगळ्या नर्सबाई आणि आशाताईंना विष्णुपुरीच्या हाडांच्या विभागानं एक दिवस बाहुलीवर हात धरून शिकवावं. शंका असलेल्या लेकरांसाठी तिथं आठवड्याचा एक वार ठरवावा, म्हणजे भोकरहून पन्नासेक किलोमीटर आलेल्या आईला ‘पुढच्या सोमवारी या’ ऐकावं लागणार नाही. आणि माता-बाल संरक्षण कार्डावर, डोसांच्या तारखांशेजारी, मराठीत दोन ओळी याव्यात: पायाळू होतं का, दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का. कार्ड मुंबईहून छापून येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तालुका आरोग्य कार्यालयानं रबरी शिक्का करून घ्यावा. भोकरच्या बाजारात तो दुसऱ्या दिवशी मिळतो.