विश्लेषण : दिल्ली-ताश्कंद अवघे १,५८० किलोमीटर, तरी विमान का पोहोचेना?

दिल्ली ते ताश्कंद हवाई अंतर साधारण १,५८० किलोमीटर. मुंबई-कोलकाता याहून लांब पडते. तरीही एप्रिल २०२५च्या अखेरीस 'इंडिगो'ने ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे थांबवली. ही शहरे आपल्या सध्याच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली, असे कारण कंपनीने दिले. शहरे अर्थातच जागची हलली नव्हती. पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावात २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली होती.

हा आकडा येतो कुठून?

दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घेतले, की त्यांच्यात पृथ्वीच्या केंद्रापाशी किती अंशांचा कोन होतो ते सूत्राने काढता येते. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला पृष्ठभागावर सुमारे १११ किलोमीटर भरतात. दिल्ली-ताश्कंदचा कोन १४.२ अंश, गुणाकार केला की झाले. मोबाइलवर 'हवाई अंतर' म्हणून दिसते ते बहुधा हेच. भूगोलाच्या पुस्तकातले बृहद्‌वृत्त ते हेच.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र हे अंतर मिळत नाही. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को घ्या. नकाशावरची सरळ रेघ प्रशांत महासागरावरून जाते. प्रत्यक्षात सर्वांत जवळचा, सुमारे १२,४०० किलोमीटरचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या दिशेने वर चढून खाली उतरतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून पाहावा, लगेच पटते.

मग गणित बिघडते कुठे?

सूत्राला सरहद्दी कळत नाहीत. पाकिस्तान टाळून अरबी समुद्रावरून, समजा मस्कतवरून वळसा घातला, तर दिल्ली-ताश्कंद ४,१०० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे अडीच पटींहून जास्त. शिवाय ऐनवेळी दुसऱ्या विमानतळावर उतरावे लागले तर त्यासाठीचे राखीव इंधन वेगळे. इंधन वाढले की वजन वाढते, आणि मग प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. २०२२मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर फिनलंडच्या 'फिनएअर'चे हेलसिंकी-टोकियो उड्डाण साडेनऊ तासांवरून जवळपास १३ तासांवर गेले. 'एअर इंडिया'ने १ सप्टेंबर २०२५पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा नूतनीकरणासाठी काढलेल्या विमानांमुळे पडलेल्या तुटवड्याबरोबर पाकिस्तानी हद्दीचेही कारण दिले.

प्रवाशाला काय फरक पडतो?

पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांपुरती आहे, परदेशी कंपन्यांना नाही. त्यामुळे दिल्लीहून युरोपला जाणारी दोन विमाने एकाच धावपट्टीवरून निघाली तरी त्यांचा मार्ग आणि लागणारा वेळ वेगळा असू शकतो. महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेलेल्या या बंदीचा भार भारतीय कंपन्यांवरच जास्त पडला. तिकीट काढताना किलोमीटरपेक्षा उड्डाणाचे तास आणि मधला थांबा पाहणे उपयोगाचे.