प्रश्न रुग्णाचा, मग संशोधन कोणाचे?

वसमत हे हळदीचे गाव. इथल्या कुणाला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' निघाला, तर त्याचा डॉक्टरांना पहिला प्रश्न बहुधा हळदीचाच असेल. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात, शौचावाटे रक्त जाते, दिवसातून अनेकदा संडासकडे धावावे लागते. औषधे वर्षानुवर्षे चालतात.

हळदीतल्या कर्क्युमिनवर चाचण्या झाल्या आहेत. २०१५ च्या एका चाचणीत नेहमीच्या औषधासोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांचा आजार चार आठवड्यांत शमला. पण एकूण रुग्ण होते अवघे ५०. २०१७ च्या भारतीय चाचणीत रोजच्या ४५० मिलिग्रॅमचा उपयोग दिसला नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. म्हणजे ३ ग्रॅमसाठी १०० ग्रॅम हळद खावी लागेल! तेव्हा गोळ्या सोडून स्वयंपाकघरातल्या हळदीवर विसंबणे धोक्याचेच.

हे उत्तर मिळाले, तरी रुग्णाचे बाकीचे प्रश्न उरतातच. नांदेडला जाणाऱ्या एसटीत बसलो आणि वाटेत लागली तर? थकव्याने मजुरी बुडते, त्यावर काय उपाय? जेवणात काय चालेल? आणि मन कशातच लागत नाही, ते कोणाला सांगायचे? २०२१ मध्ये ७७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आतड्यांच्या अशा दीर्घ आजारांत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत नैराश्याची लक्षणे आढळली. तरीही औषध लागू पडले की नाही, हे दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमांवरून ठरते. माणूस पुन्हा कामावर गेला का, लग्नाकार्याला बाहेर पडला का, हे मोजायचे राहून जाते.

ब्रिटनमध्ये २००४ पासून 'जेम्स लिंड अलायन्स' रुग्ण, नातलग आणि डॉक्टरांना एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवते. आतड्यांच्या आजारांच्या यादीत आहार, थकवा आणि पोटदुखी वर आली. नैराश्याच्या यादीत पहिला प्रश्न होता, आजार होऊच नये आणि उलटू नये यासाठी काय करावे?

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने नैराश्यावरचा समुपदेशन कार्यक्रम आधी रुग्णांबरोबर वापरून पाहिला, त्यांचे म्हणणे ऐकून सुधारला आणि मगच चाचणीला घेतला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरच्या या चाचणीत तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती.

रुग्णाला विज्ञान काय कळते, असा आक्षेप येईल. औषधाचा डोस त्याने ठरवावा, असे कोणी म्हणत नाही. पण आजार कुठे अडवतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? खरी अडचण वेगळी आहे. बैठकीला येतात ते बऱ्यापैकी बरे असलेले, बोलके लोक. नैराश्याने अंथरूण धरलेला येत नाही, आणि वाटेत लागेल या भीतीने घरी बसलेलाही येत नाही. त्यांच्याकडे घरी जावे लागेल.

वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. नांदेडच्या शासकीय महाविद्यालयापासून सुरुवात करता येईल. विषय नक्की करण्यापूर्वी पाच-सहा रुग्णांशी बोलावे; प्रश्नावली त्यांच्याकडून वाचून घ्यावी, कारण 'मला नैराश्य आले आहे' असे आपल्याकडे फारसे कोणी म्हणत नाही. त्यांचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी द्यावी. आणि निष्कर्ष निघाले की ते मराठीत त्यांना परत सांगावेत. खर्च थोडा आहे. रुग्ण रक्ताचा नमुना देतोच. त्याचा प्रश्नही घ्यायला हवा.